डोंगराळ टप्पा बघायचा कसा? चढाच्या आधीचे पाच किलोमीटर चुकवू नका

बहुदिवसीय सायकल शर्यत नव्याने बघणाऱ्याला सपाट टप्पा लवकर कळतो. शेवटी सगळे एकत्र येतात आणि ज्याच्या पायात जास्त वेग, तो जिंकतो. उंच पर्वतांचा टप्पाही कळतो: पंधरा-वीस किलोमीटरचा घाट, एकेक जण गळत जातो, वर दोघे-तिघेच उरतात. घोटाळा होतो तो मधल्या प्रकारात. डोंगराळ टप्प्यात दिवसभराचा एकूण चढ साधारण २,००० ते ३,५०० मीटर असतो, पण एकही घाट फार लांब नसतो. एक, दोन, फार तर चार किलोमीटरच्या टेकड्या एकामागून एक येत राहतात. असा टप्पा कोण जिंकेल हे सांगणं सगळ्यात अवघड.

तक्रारही ठरलेली. चार तास काही घडत नाही आणि मग तीन मिनिटांत सगळं आटोपतं. त्या तीन मिनिटांचा निम्मा निकाल आधीच्या पाच किलोमीटरांत लागलेला असतो. नेमका तेव्हा कॅमेरा हेलिकॉप्टरमधून एखादा जुना किल्ला दाखवत असतो, आणि आपण चहा टाकायला उठलेले असतो.

पायरी १: नकाशा नको, उभा आलेख वाचा

टप्प्याच्या आदल्या दिवशी आयोजकांच्या संकेतस्थळावर मार्गाचा उभा आलेख मिळतो. आडवं अंतर, उभी उंची. हा आलेख घाबरवतो, कारण उंचीचं माप मुद्दाम ताणलेलं असतं. साधी टेकडीही करवतीच्या दातासारखी दिसते. आकाराकडे दुर्लक्ष करा आणि शेवटच्या दोन-तीन चढांचे तीनच आकडे कागदावर घ्या: चढाची लांबी, सरासरी टक्के आणि माथ्यापासून अंतिम रेषेपर्यंतचं अंतर.

टक्के काढायची रीत सोपी. किती मीटर उंची मिळाली, भागिले रस्त्याची लांबी, गुणिले शंभर. हे टक्के मुंबईकराला कळावेत म्हणून रेल्वेचं उदाहरण घेऊ. कर्जतहून खंडाळ्याकडे जाणारा लोहमार्ग सर्वात खडा आहे तिथे ३७ मीटरला १ मीटर चढतो, म्हणजे २.७ टक्के. एवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात (आपण तेवढ्या वेळात वडापाव घेतो). आता २०२५ च्या टूर द फ्रान्समधला चौथा टप्पा बघा, आमियां ते रुआं. त्याचा शेवटचा नोंदलेला चढ, रांप सेंट-इलेर, ९०० मीटर लांब आणि सरासरी १०.६ टक्के. रेल्वेच्या घाटाच्या जवळजवळ चौपट.

टक्क्यांवरून ढोबळ अंदाज असा बांधा:

- ४ टक्क्यांपर्यंत: वेग इतका असतो की दुसऱ्याच्या मागे लपून हवा चुकवता येते. धिप्पाड स्प्रिंटरही (सपाटीवरच्या शेवटच्या धावेत जिंकणारे) तग धरतात.
- ५ ते ७ टक्के, दोन-तीन किलोमीटर: स्प्रिंटर गळतील की टिकतील हे पुढे कोण किती जोर लावतं यावर ठरतं. सगळ्यात जास्त रंगत इथेच.
- ८ टक्क्यांच्या वर, एक किलोमीटर किंवा जास्त: निव्वळ स्प्रिंटर बाद धरा.

याचं कारण हवेत आहे. सपाटीवर ताशी ४० किलोमीटरने जाताना दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं तर साधारण तीस टक्के ताकद वाचते. दहा टक्के चढावर वेग निम्म्यावर येतो, हवेचा विरोध त्याहून कितीतरी जास्त घटतो, आणि मग लपायला काही उरत नाही. उरतं ते वजन. १०.६ टक्के चढावर ताशी २० किलोमीटर वेग ठेवायचा तर ८० किलोच्या स्प्रिंटरला ६५ किलोच्या चढाईपटूपेक्षा नुसत्या गुरुत्वाकर्षणासाठी सुमारे ८५ वॉट जास्त लावावे लागतात. तीन मिनिटांसाठीसुद्धा हा फरक भरून काढणं जवळजवळ अशक्य.

सरासरी फसवते, हेही ध्यानात असू द्या. ब्रिटनीमधला म्यूर-द-ब्रेताञ हा प्रसिद्ध चढ २ किलोमीटरचा, सरासरी ६.९ टक्के. कागदावर मधला वाटतो. पण पहिला किलोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि दुसरा बराच सौम्य. घाव पहिल्या अर्ध्यात बसतो, दुसऱ्या अर्ध्यात तो फक्त दिसायला लागतो. म्हणून दर किलोमीटरचे टक्के दाखवणारा तपशील मिळाला तर तोच घ्या.

तिसरा आकडा, माथ्यापासून शेवटाचं अंतर, हा नवखे हमखास विसरतात. ५ किलोमीटरच्या आत असेल तर वर जो पुढे, त्याला बऱ्याचदा पकडता येत नाही. १० ते २० किलोमीटर असेल तर मागच्यांना एकत्र येऊन पाठलाग करायला वेळ मिळतो. त्यापलीकडे गेलं की तो चढ फक्त पाय थकवायला.

चढाच्या श्रेणीचं काय? टूरमध्ये सोप्या चौथ्या श्रेणीपासून अवघड पहिलीपर्यंत आणि त्याच्याही वर ‘श्रेणीबाहेर’ असे प्रकार असतात. चौथ्या श्रेणीच्या माथ्यावर पहिल्याला एकच गुण, पहिल्या श्रेणीला १०, श्रेणीबाहेर २०. हे गुण घाटाच्या राजाच्या लाल ठिपक्यांच्या जर्सीसाठी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला घाटाचा राजा माहीत असेल त्याला ही कल्पना नवी नाही. पण टप्पा कोण जिंकणार याचा श्रेणीशी थेट संबंध नाही. चाळिसाव्या किलोमीटरवरची दुसरी श्रेणी काहीच ठरवत नाही आणि शेवटची चौथी श्रेणी सगळं ठरवून जाते.

पायरी २: कोण कशासाठी आलंय

टूरमध्ये प्रत्येक संघाचे ८ सायकलपटू. २०२५ मध्ये २३ संघ होते, म्हणजे १८४ जण. सगळ्यांची नावं पाठ करू नका. चार गट पुरे.

पहिला, एकूण वेळेत आघाडीसाठी झगडणारे संघांचे नेते; त्यांना आज वेळ गमवायची नसते आणि जमलं तर चार-सहा सेकंद खिशात घालायचे असतात. दुसरा, छोट्या खड्या चढांवर स्फोटक जोर लावणारे. परिभाषेत त्यांना पंचर म्हणतात, आणि हा दिवस त्यांचाच. माथ्यू व्हान डर पूल हे ठळक उदाहरण. ७५ किलोच्या आसपासचा हा गडी लांब घाटात मागे पडतो, पण दोन-तीन मिनिटांच्या चढावर वजनाचा हिशेबच मोडून काढतो. तिसरा, चढ ओलांडू शकणारे स्प्रिंटर. चौथा, एकूण क्रमवारीत खूप मागे असलेले, ज्यांना पळून जायला मोकळीक मिळते.

या चौथ्या गटासाठी आदल्या दिवसाची क्रमवारी बघावी लागते. १० मिनिटं मागे असलेला पळाला तर पिवळ्या जर्सीचा, म्हणजे एकूण वेळेत पहिल्या असलेल्याचा, संघ हूं की चूं करत नाही. ३० सेकंद मागे असलेला पळाला तर शंभर मीटरही सोडत नाहीत.

पायरी ३: वेळ जमवा

मे ते सप्टेंबर या काळात फ्रान्स, इटली, स्पेनपेक्षा आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. तिथे टप्पा दुपारी बाराच्या पुढे सुटतो आणि बहुतेक वेळा पाच ते पावणेसहाच्या दरम्यान संपतो. म्हणजे मुंबईत रात्री साडेआठ ते सव्वानऊ. अंधेरीहून सहा पन्नासची धीमी पकडून डोंबिवलीला पोचणाऱ्यालाही शेवट सापडतो, ही आपल्यावर युरोपची मेहेरबानीच.

पूर्ण चार तास बघायची गरज नाही. सुरुवातीचा अर्धा तास, मग संध्याकाळी साडेसातपासून पुढे. फक्त वीस-पंचवीस मिनिटं असतील तर शेवटचे १५ किलोमीटर, पण निर्णायक चढाच्या पायथ्याआधी किमान दहा मिनिटं पडद्यासमोर असा.

पायरी ४: पळालेल्यांचा हिशेब

शर्यत सुटताच पुढे निसटायची झुंबड उडते. डोंगराळ टप्प्यात ही लढत तासभरही चालते, कारण आज पळालेले टिकू शकतात हे सगळ्यांना माहीत असतं. एकदा पाच-दहा जण सुटले की दोन गोष्टी बघा: त्यांच्यात कोणत्या संघांचे लोक आहेत, आणि मागे मुख्य घोळक्याच्या तोंडावर कोणाच्या जर्सी आहेत.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी. ज्या संघाला आपला माणूस पळालेल्यांत पाठवता आला नाही, किंवा ज्याला आपल्या पंचरवर भरवसा आहे, तोच पुढे येऊन ओढतो. दोन-तीन संघ आलटून पालटून ओढत असतील तर पळालेल्यांचं काही खरं नाही. कोणीच ओढत नसेल आणि अंतर पाच मिनिटांवर गेलं असेल तर विजेता पुढच्या गटातूनच निघणार असं धरून चाला.

सपाट टप्प्यासाठी जुना ठोकताळा आहे: दहा किलोमीटरला एक मिनिट पकडता येतं. डोंगराळ टप्प्यात तो लावू नका. अरुंद, वळणांच्या रस्त्यावर मोठ्या घोळक्याला वेग मिळत नाही, आणि ओढणारे मदतनीस प्रत्येक टेकडीवर एकेक गळतात.

पायरी ५: पायथ्याआधीचे पाच किलोमीटर

आता मुख्य काम. निर्णायक चढ जवळ आला की रुंद रस्त्यावर ऐसपैस पसरलेला घोळका अचानक टोकदार होतो. वेग ताशी ५५-६० वर जातो. प्रत्येक संघ आपल्या नेत्याला मध्ये किंवा मागे ठेवून चार-पाच जणांची आगगाडी करतो आणि सगळ्या आगगाड्यांना एकाच वेळी एकाच वळणावर पहिलं पोचायचं असतं. विरार फास्टने बोरिवलीला उतरायचं असेल तर दाराकडे केव्हा सरकायला लागायचं, हे ज्याला कळतं त्याला ही धडपड समजावून सांगावी लागत नाही.

एवढी मारामारी कशाला, ते आकड्यांत बघा. पायथ्याशी वळण अरुंद असेल तर घोळका जवळपास एका रांगेत येतो. एक सायकल आणि थोडी फट मिळून सव्वादोन मीटर धरले तरी शंभरावा सायकलपटू पहिल्याच्या सव्वादोनशे मीटर मागे असतो. ताशी ६० किलोमीटरने हे अंतर १३ सेकंदांचं. रांप सेंट-इलेरसारखा ९०० मीटरचा चढ ताशी २० ने चढायला २ मिनिटं ४२ सेकंद लागतात. मागच्याला माथ्यावर पुढच्याला गाठायचं तर तेवढ्याच चढावर सुमारे नऊ टक्के जास्त वेग हवा. दोघेही आधीच मर्यादेवर चढत असताना नऊ टक्के येणार कुठून? शिवाय वळणावर पुढचे किंचित ब्रेक लावतात, मधले जास्त लावतात आणि मागचे अक्षरशः पाय टेकतात. १३ चे २० सेकंद होतात. पाय कितीही चांगले असोत, तो गडी तिथेच संपला.

म्हणून पडद्यावर हे शोधा:

- तुमचे तीन-चार आवडते पायथ्याला कितव्या क्रमांकावर आहेत? पहिल्या १५ मध्ये असतील तर ठीक. तिसाव्याच्या मागे असतील तर आज त्यांच्याकडून फार अपेक्षा नको.
- नेत्यासोबत किती सहकारी उरलेत? शेवटच्या चढाआधी एकटा पडलेला नेता प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर देतो आणि तिसऱ्या हल्ल्याला देऊ शकत नाही.
- वारा बाजूने आहे का? झाडं, झेंडे बघा. बाजूच्या वाऱ्यात घोळका चढाआधीच तुटतो.

बिघाडही इथेच जास्त होतात. आजच्या व्यावसायिक सायकलला पुढे साधारण ५४ आणि ४० दात्यांच्या दोन चकत्या असतात आणि मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (छोट्या-मोठ्या चकत्यांचा संच). पायथ्यापर्यंत ५४ वर येणाऱ्याला चढावर ४० वर उतरावं लागतं. मिनिटाला ८५ फेरे धरले तर ४० वर पुढे आणि २१ वर मागे, ताशी २० किलोमीटर मिळतात. हा बदल पूर्ण जोर लावलेला असताना केला तर चेन आत निसटते किंवा अडकते. जाणकार वळणाआधीच, पाय क्षणभर हलके करून गिअर बदलतात. चढाच्या तोंडावर कोणी खाली वाकून चेनशी झटापट करताना दिसला तर नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं.

पंक्चर त्याहून वाईट. घोळका तुटायला लागला की पंच मागच्या गाड्यांना पुढे येऊ देत नाहीत, त्यामुळे संघाची गाडी मिनिटभर लांब असते. डिस्क ब्रेक आणि आरपार आस असलेल्या चाकाची अदलाबदल वेळखाऊ, म्हणून आता साधारण उंची जुळणारा सहकारी आपली अख्खी सायकलच देऊन टाकतो.

पायरी ६: चढावर नजर कुठे

चेहरे फसवतात. खांदे आणि चाकं बघा. खांदे डावीकडे-उजवीकडे झुलायला लागले की तो दहा-पंधरा सेकंदांत सुटणार. पुढच्याच्या चाकापासून अर्ध्या सायकलची फट पडली आणि दोनदा भरूनही पुन्हा पडली, तर तिसऱ्यांदा भरली जात नाही.

हल्ला कुठे होतो? अगदी खडा तुकडा संपायच्या जरा आधी, किंवा माथ्यानंतर रस्ता सपाट झाल्यासारखा वाटतो तिथे. दुसरी जागा जास्त घातक. माथा आला म्हणून बाकीचे श्वास घेतात, बाटली काढतात, आणि तेवढ्यात एक जण मोठ्या गिअरवर निघून जातो.

टिकू बघणाऱ्या स्प्रिंटरची युक्तीही ओळखायला शिका. तो चढ सगळ्यात पुढून सुरू करतो आणि स्वतःच्या वेगाने चढत हळूहळू मागे घसरत जातो. साठ-सत्तर जणांनी त्याला ओलांडलं तरी माथ्यावर तो गटाच्या शेपटाला असतो. नवख्याला वाटतं तो हरतोय. तो हिशेबाने चाललेला असतो.

उतारावर विशेष काय? ओला रस्ता, पांढरे पट्टे आणि वळणावरची खडी. उतारावर सायकलच्या आडव्या नळीवर बसून अंग चोरायच्या पद्धतीवर यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०२१ पासून बंदी घातली आहे, त्यामुळे जुन्या चित्रफिती बघून तसं करू नका.

टक्के स्वतःच्या पायांना कळावेत असं वाटत असेल तर पावसाळा सरू द्या. टूर जुलैमध्ये, आणि तेव्हा आपल्या घाटांत शेवाळ आणि तेलकट पाणी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाणारा रस्ता सुरुवातीला चांगला (सोमवारी उद्यान बंद). ठाणेकरांना येऊर आहेच. पुढची पायरी खोपोलीवरून शिंग्रोबाच्या देवळाकडून खंडाळ्याला चढणारा जुना रस्ता. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तिकडे वळू नका. पहाटे निघा, दोन बाटल्या पाणी, मागे किमान ३२ दाती कॅसेट. कोणताही ९०० मीटरचा तुकडा निवडून वेळ लावा. सहा मिनिटं लागली तर तुमचा वेग ताशी ९ किलोमीटर. मग २ मिनिटं ४२ सेकंदांचा अर्थ निराळा लागतो.

पायरी ७: रेषेनंतरचा हिशेब

टूरमध्ये टप्प्याच्या पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंद बोनस मिळतो, म्हणजे एकूण वेळेतून तेवढे वजा होतात. २०२१ सारख्या काही वर्षी काही टप्प्यांत आधीच्या एखाद्या माथ्यावर ८, ५, २ असा वेगळा बोनसही होता. उंच पर्वतांत मिनिटांचे फरक पडतात तिथे हे किरकोळ. डोंगराळ टप्प्यात सगळा खेळ याच्यावर.

२०२१ च्या टूरचा दुसरा टप्पा हा याचा नमुना. म्यूर-द-ब्रेताञ दोनदा चढायचा होता. व्हान डर पूल पिवळ्या जर्सीतल्या ज्युलियन आलाफिलिपच्या १८ सेकंद मागे. पहिल्याच फेरीत त्याने हल्ला चढवला. शेवट लांब असताना उगाच दमतोय असं अनेकांना वाटलं. माथ्यावर त्याने ८ सेकंद उचलले, पुन्हा घोळक्यात आला, दुसऱ्या फेरीत सुटला आणि जिंकून आणखी १० घेतले. बोनसचे बरोबर १८ झाले. आलाफिलिप रेषेवर ८ सेकंद मागे राहिला आणि पिवळी जर्सी तेवढ्याच फरकाने व्हान डर पूलकडे आली. त्याचे आजोबा रेमों पुलिदोर टूरमध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत आले होते, पण ती जर्सी त्यांना एकदाही मिळाली नव्हती.

निकालाच्या यादीत बऱ्याच नावांपुढे ‘तीच वेळ’ असं दिसेल. एकाच गटात आलेल्यांना गटातल्या पहिल्याची वेळ मिळते. सपाट शेवट असेल आणि शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये कोणी पडला किंवा सायकल बिघडली, तर तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ त्याला मिळते. शेवट माथ्यावर असेल तर ही सवलत नसते. हा नियम त्या दिवशी लागू आहे का, हे सकाळीच बघून ठेवा, म्हणजे रात्री पडलेल्या नेत्यासाठी उगाच हळहळावं लागत नाही.

आणि वेळ समान झाली तर? रुआंच्या त्या टप्प्याआधी व्हान डर पूल पिवळ्या जर्सीत होता आणि तादेय पोगाचार त्याच्या ४ सेकंद मागे. रांप सेंट-इलेरवर पोगाचारने हल्ला केला, योनास विंगेगोर तेवढा सोबत टिकला, पण उतारानंतर छोटा गट पुन्हा जुळला. शेवटच्या धावेत पोगाचार पहिला, व्हान डर पूल दुसरा. पोगाचारचा तो कारकिर्दीतला शंभरावा विजय. १० वजा ६, चार सेकंद मिटले आणि दोघांची एकूण वेळ अगदी सारखी झाली. अशा वेळी, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा अजून झालेला नसेल तर, आतापर्यंतच्या टप्प्यांतल्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची कमी त्याला जर्सी. ती व्हान डर पूलकडेच राहिली.